सण येतो, दिन पाळला जातो

१

मराठीत सण ‘येतो’. दिवाळी आली, पोळा आला, शिमगा चार दिवसांवर आला, असे आपण सहज म्हणतो. या वाक्यांचा कर्ता सण स्वतःच असतो. त्याला कोणी आणावे लागत नाही. ‘दिन’ मात्र असा येत नाही. तो ‘पाळला जातो’, ‘साजरा केला जातो’, वृत्तपत्रीय मराठीत तर ‘उत्साहात संपन्न होतो’. या कर्मणी प्रयोगाआड जो कर्ता दडलेला असतो, तो बहुधा एखादे कार्यालय, एखादी समिती किंवा एखादे परिपत्रक असते. पर्यावरण दिन, शिक्षक दिन, ग्राहक दिन यांच्याविषयी कोणाच्या मनात अनादर नसतो. पण ‘ग्राहक दिन जवळ आला’ म्हणून कोणाच्या घरात लगबग उडालेली ऐकिवात नाही.

‘सण’ हा शब्द संस्कृत ‘क्षण’ या शब्दापासून आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. संस्कृतात क्षण म्हणजे केवळ निमिष नव्हे; अवसर, मोकळीक आणि उत्सव हेही त्याचे अर्थ आहेत. वाहत्या काळातून वेगळा काढलेला, भरून आलेला वेळ असा काहीसा आशय त्यात आहे. ‘दिन’ हा त्या मानाने कोरा शब्द. तो पंचांगातला किंवा दिनदर्शिकेतला एक चौकोन दाखवतो, त्या चौकोनात काय भरायचे ते मागाहून ठरते.

हा भेद भाषेने आपल्यापुरता स्वच्छ केला आहे, पण इतिहासात तो इतका स्वच्छ नाही. आज जे सण म्हणून आपोआप येतात, त्यांतले काही कोणीतरी, कुठल्यातरी वर्षी, उघड हेतूने सुरू केलेले आहेत. मग आधुनिक काळात जन्मलेला सोहळा खरा सण केव्हा होतो? प्रश्न वरवर पाहता निरुपद्रवी आहे. प्रत्यक्षात मात्र तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या सोहळ्याविषयी, आणि नकारार्थी उत्तर गृहीत धरून विचारला जातो: ‘हा काय सण आहे?’ महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा १४ एप्रिलविषयी विचारला गेला असेल. म्हणून या लेखाचे मुख्य उदाहरण तेच आहे. पण तिथे पोहोचण्यापूर्वी दोन सोपी उत्तरे बाजूला सारली पाहिजेत.

२

पहिले सोपे उत्तर शासकीय आहे: सुट्टी असते तो सण. पण ज्या कायद्याने आपल्याकडे सार्वजनिक सुट्ट्या जाहीर होतात, तो सणांविषयी मुळी बोलतच नाही. तो आहे १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेश यांचा कायदा. त्याच्या पंचविसाव्या कलमापुढचा प्रश्न अगदी व्यावहारिक आहे. एखाद्या वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर पैसे केव्हा देय होतात? उत्तर असे, की त्याच्या लगतच्या आधीच्या कामकाजाच्या दिवशी. ‘सार्वजनिक सुट्टी’ म्हणजे काय, हे त्या ओघात सांगावे लागले. मूळ कायद्यात रविवार आणि ख्रिस्ती वर्षातले मोजके दिवस नावानिशी होते. बाकीचे शासनाने राजपत्रातून जाहीर करावयाचे होते. महाराष्ट्र शासन दरवर्षी सुट्ट्यांची जी यादी प्रसिद्ध करते, ती आजही याच कलमाचा आधार घेते.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सुट्टी ही कर्जदार आणि सावकार यांच्यातील हिशेबाची सोय आहे. यात तुच्छ मानण्यासारखे काही नाही. कष्टकऱ्याला दिवसाची मोकळीक मिळणे ही सणाची मोठीच पूर्वअट असते, आणि ती मिळवण्यासाठी लोकांना झगडावेही लागले आहे. पण सुट्टीने सण घडत नाही. हरतालिकेला कार्यालये उघडी असतात, म्हणून ती सण नाही असे कोणी म्हणत नाही. आणि बँकांच्या वार्षिक हिशेबाच्या सुट्टीला कोणी तोरण बांधत नाही.

३

दुसरे सोपे उत्तर वयाचे आहे: जुना तो सण, नवा तो कार्यक्रम. हे उत्तर गणेशोत्सवापाशी अडखळते. घरातला गणपती जुना आहे. सार्वजनिक गणपती आधुनिक आहे. १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचे दंगे झाले आणि त्याच वर्षी पुण्यात या उत्सवाला सार्वजनिक रूप येऊ लागले. भाऊसाहेब रंगारी यांच्या गणपतीचे पाठीराखे हा मान १८९२ सालाला देतात. आरंभाचे श्रेय कोणाचे हा वाद पुण्यात अजून रंगतो, परंतु टिळकांनी ‘केसरी’तून या कल्पनेला बळ दिले आणि दोन-तीन वर्षांत ती पुण्याच्या पेठापेठांतून पसरली, याविषयी वाद नाही. मुंबईत गिरगावातील केशवजी नाईक यांच्या चाळीतला उत्सवही १८९३ चाच. हेतू लपवलेला नव्हता: लोकांनी एकत्र यावे, मेळ्यांतून गावे, व्याख्याने ऐकावीत.

अशा घटनांसाठी इतिहासकारांकडे एक तयार संज्ञा आहे. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ साली संपादित केलेल्या ग्रंथाने ‘परंपरांची निर्मिती’ ही कल्पना रूढ केली. फार प्राचीन म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी प्रथा एकोणिसाव्या शतकात, राष्ट्रांच्या आणि राज्यकर्त्यांच्या गरजेतून रचल्या गेल्या, हे त्या ग्रंथाने दाखवले. आपल्या विद्यापीठांतून ही कल्पना इतकी वापरली गेली, की एखादी प्रथा ‘निर्मित’ आहे असे दाखवले की ती खोटी ठरली, असे आपण मानू लागलो. पण सगळेच सण कधी ना कधी कोणीतरी रचले आहेत. रचलेपण हा दोष मानला तर एकही सण उरत नाही. त्यामुळे प्रश्न ‘रचले का?’ असा न ठेवता ‘रचलेल्यांपैकी टिकले काय, आणि कशाच्या बळावर?’ असा ठेवला पाहिजे.

त्याच दशकात टिळकांनी शिवाजी महाराजांच्या उत्सवाचाही पुरस्कार केला. १८९५ मध्ये रायगडावरच्या समाधीसाठी चळवळ झाली, १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. त्याच्याही आधी, १८६९ साली, महात्मा फुले यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहून वेगळ्या भूमिकेतून त्यांचे स्मरण जागवले होते. तरीही पहिल्या काही दशकांत गणपती ज्या वेगाने रुजला, त्या वेगाने शिवोत्सव रुजला नाही. याचे एक कारण मला असे दिसते, की गणपतीचे आगतस्वागत कसे करायचे हे घराघराला आधीपासून ठाऊक होते. मखर, दूर्वा, मोदक, आरती, निरोप ही सगळी यजमानपणाची भाषा तयार होती. सार्वजनिक उत्सवाने ती चौकात नेली. शिवोत्सवाकडे आरंभी भाषणाची भाषा होती, घराची नव्हती. पुढे ती त्याने हळूहळू मिळवली. शिवजन्माचा पाळणा बायका म्हणू लागल्या, गावोगावची पोरे गडावरून शिवज्योत घेऊन रात्रभर धावत येऊ लागली. जन्मतिथीवर अजून एकमत नाही, शासन १९ फेब्रुवारी ही तारीख मानते, तर कित्येक जण फाल्गुन वद्य तृतीया. तो वाद चालूनही उत्सव चालतो, हे तो रुजल्याचेच लक्षण म्हणावे लागेल.

इथे मला हवा असलेला शब्द सापडतो: यजमान. दिनाला आयोजक असतात आणि श्रोते असतात. सणाला यजमान असतो आणि पाहुणा असतो. आयोजक बदलला, रजेवर गेला, निधी संपला की दिन थांबतो. यजमानाला रजा नसते. ऐपत नसली तरी तो ऋण काढून सण करतो, आणि म्हणीने त्याला त्याबद्दल शहाणपण शिकवले तरी ऐकत नाही. आधुनिक सोहळा सण झाला की नाही, हे ठरवायला मला एवढीच कसोटी पुरेशी वाटते: त्यातल्या आयोजकांचे यजमान झाले काय?

४

‘यजमान’ हा शब्द यज्ञातून आलेला आहे, हे मात्र विसरून चालणार नाही. यज्ञ करवणारा तो यजमान; आणि यज्ञाचा अधिकार सर्वांना नव्हता. गावगाड्यातला सण सगळ्या गावाचा, असे वर्णन आपल्या साहित्यात पुष्कळ आढळते. त्या ‘सगळ्या’त महारवाडाही होता, पण तो पानावर बसणाऱ्यांत नव्हता, मागून उरलेले नेणाऱ्यांत होता. येसकराने दारोदार भाकरी मागायची, सणाच्या दिवशी त्या भाकरीबरोबर उरलेले गोडधोड मिळायचे. महारवाड्याचे स्वतःचे सणही होते. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये आषाढ महिन्यातल्या महारवाड्याचे जे चित्र आहे, त्यात सारवण, न्हाणे, देवीचे वारे आणि बायकांच्या वाट्याला आलेले थोडेसे सुख हे सारे आहे. पण गावच्या सणात या माणसांची जागा घेणाऱ्याची होती, देणाऱ्याची नव्हती.

सार्वजनिक उत्सवाने ही जागा बदलायला हवी होती. नावातच तसे वचन होते. ते वचन कसे तपासले गेले, याची एक हकीकत प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘माझी जीवनगाथा’मध्ये सांगितली आहे. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्य मानलेल्यांनाही पूजेचा हक्क हवा, वर्गणी सर्वांची घेता तर पूजाही सर्वांची असावी, असा आग्रह धरला गेला. प्रबोधनकार त्यात आघाडीवर होते, रावबहादूर सी. के. बोले आणि डॉ. आंबेडकर हेही त्या प्रकरणात होते. अखेर तडजोड निघाली ती अशी, की दलित माणसाने फुले आणून द्यावीत आणि ती पुजाऱ्याने मूर्तीला वाहावीत. तडजोड म्हणून तिचे त्या काळात मोल होतेच. पण आपल्या कसोटीवर ती पाहिली, तर मूर्तीपासून हातभर अंतरावर येऊनही यजमानपण मिळाले नाही, हेच दिसते.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ एप्रिल १९२८ रोजी, जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात डॉ. आंबेडकरांची जयंती प्रथम सार्वजनिक रीतीने साजरी केली, असे सांगितले जाते. आंबेडकर तेव्हा सदतीस वर्षांचे होते. आदल्या वर्षीच १ जानेवारीला ते भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी गेले होते, २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले होते आणि २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले होते. हयात माणसाची जयंती, तीही अनुयायांनी वर्गणी काढून केलेली, मागे ना शासन ना पंचांग. त्या वेळी तिला कोणी सण म्हटले नसते. ती सभा होती, मिरवणूक होती, चळवळीचा एक कार्यक्रम होता.

तिचा सण झाला तो १९५६ नंतर, असे मला वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये ब्रह्मा-विष्णु-महेश, राम-कृष्ण यांना देव न मानण्याच्या प्रतिज्ञा आहेत. गौरी-गणपती इत्यादी दैवतांना न मानण्याचीही आहे. श्राद्धपक्ष न करण्याचीही आहे. या प्रतिज्ञांचा धर्मशास्त्रीय आणि राजकीय अर्थ पुष्कळांनी सांगितला आहे. त्यांचा एक साधा, घरगुती परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही: एका दिवसात वर्षाचे सगळे सण रिकामे झाले. देव्हाऱ्यातले टाक नदीत गेले, विहिरीत गेले. श्रावण आला, भाद्रपद आला, शेजारी चौरंग मांडले गेले, आणि या घरांना ठाऊक होते की आता हे आपले नाही. सणावाराचे चक्र ज्यांनी जन्मापासून अंगी बाणवलेले असते, त्यांनाच कळेल की ही पोकळी देवाच्या पोकळीहूनही मोठी असू शकते. लहान मुलाला देव नाही हे पटवता येते. आज आपल्याकडे काही नाही, हे पटवणे कठीण.

त्या रिकाम्या वर्षात १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन हे नवे खांब उभे राहिले. त्यांतला धम्मचक्र प्रवर्तन दिन काही जण विजयादशमीच्या तिथीने करतात, काही १४ ऑक्टोबरला. ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाणाचा दिवस. तो सण नव्हे, पण चैत्यभूमीवर जाणे हे त्या वर्षचक्रातले कर्तव्य झाले. जयंतीने सणाची सगळी अंगे एकेक करून घेतली. घराला रंग, पांढरी नवी वस्त्रे, दारात निळे-पंचरंगी ध्वज, गोडाचे जेवण, मध्यरात्री बारा वाजता पहिली वंदना, दुसऱ्या दिवशी मिरवणूक. अनेक ठिकाणी लेकी माहेरी येतात त्या याच दिवसांत. आंबेडकरी जलशांची परंपरा पाठीशी होती. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांपासून वामनदादा कर्डकांपर्यंतच्या शाहिरांनी या सणाला त्याची गाणी दिली. ज्या सणाला गाणे नाही तो पंचांगात राहतो, घरात येत नाही.

आणि भाषेने शिक्कामोर्तब केले. वस्तीत ‘आंबेडकर जयंती’ असे पूर्ण नाव कोणी घेत नाही. ‘जयंती’ एवढे पुरते. ‘जयंती आली, घर काढायचंय’, ‘जयंतीला ये’, ‘जयंतीच्या आदल्या दिवशी’ ही वाक्ये ज्या व्याकरणाने चालतात, ते दिवाळीचे व्याकरण आहे. इथे ‘जयंती’ साजरी केली जात नाही, ती येते. विशेषनाम सामान्यनामात विरघळले. कोणत्याही राजपत्राला जे जमले नसते, ते तीन अक्षरांनी केले.

या साऱ्यात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या सणाचे उरलेले नेले, त्या घरांनी या दिवशी प्रथम दुसऱ्याला ‘जेवायला या’ म्हटले. गणेशोत्सवाने घरातला सण चौकात नेला. जयंतीने उलटा प्रवास केला. चौकातली सभा तिने घरात आणली. दोन्ही प्रवासांची सांगता एकाच ठिकाणी होते, यजमानाच्या दारात. १८९३ आणि १९२८ यांच्यात अंतर आहे ते पस्तीस वर्षांचे. पस्तीस वर्षांच्या अंतरावर एका बाजूला ‘परंपरा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘राजकारण’ असा पाट टाकणाऱ्यांनी तो पाट कालाचा आहे की आणखी कशाचा, हे स्वतःशी तपासून पाहावे.

५

आक्षेप आहेत, आणि त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द आंबेडकरांचाच आहे. १९४३ साली, न्यायमूर्ती रानड्यांच्या जन्मदिनानिमित्त पुण्यात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेची कठोर चिकित्सा केली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात तर त्यांनी बजावले, की धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेलही, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ज्याची जयंती, त्यानेच हे सांगून ठेवले आहे. या सणाच्या अंगी हा काटा कायमचा रुतलेला आहे, आणि तो काढून टाकू नये. अनेक ठिकाणी १४ एप्रिलच्या निमित्ताने विद्यार्थी सलग अठरा तास अभ्यासाला बसतात. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी असते, ती महाराष्ट्रातल्या कोणत्याही साहित्य संमेलनाला हेवा वाटावी अशी असते. पूजेला अभ्यासाचे रूप देणे हा त्या काट्याला दिलेला एक प्रामाणिक प्रतिसाद आहे.

दुसरा आक्षेप आवाजाचा, फलकांचा, प्रायोजकांचा. तो खोटा नाही, पण तो एकट्या जयंतीला लागू नाही. दहीहंडी, गणपती, नवरात्र सर्वांनाच तो लागतो. आपल्या कसोटीनेच त्याचे उत्तर शोधता येते. ध्वनियंत्रणेचा कंत्राटदार आणि फलकावरचा भावी उमेदवार हे जेव्हा सोहळ्याचे धनी होतात, तेव्हा यजमान मागे सरतो आणि आयोजक परत येतो. सण झालेली गोष्ट पुन्हा कार्यक्रम होऊ शकते. ही वाट एकतर्फी नाही. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली सार्वजनिक गणेशोत्सवाला ‘राज्य महोत्सव’ म्हणून घोषित केले. १३२ वर्षे जो उत्सव लोकांच्या वर्गणीवर चालला, त्याला या घोषणेने काय मिळाले आणि त्यातून काय गेले, याचा निवाडा पुढच्या पिढ्या करतील. माझ्या मनात एक लहानशी शंका मात्र आहे: शासन यजमान होऊ शकत नाही. ते फार तर उत्तम आयोजक होऊ शकते.

मीमांसकांनी कर्माचे भेद सांगताना नित्य कर्माविषयी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. काम्य कर्म केले तर फळ मिळते; नित्य कर्म केल्याने विशेष काही मिळत नाही, पण न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. सण आणि दिन यांतला भेद मला असाच वाटतो. दिन केला तर अहवालात छायाचित्र येते. सण केला नाही तर मनाला रुखरुख लागते. २०२० साली ही परीक्षा नकळत झाली. १४ एप्रिलला देशभर टाळेबंदी होती. त्याच सकाळी ती ३ मेपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले. मिरवणूक नाही, सभा नाही, चैत्यभूमी नाही. तरीही जयंती आली. लोकांनी घरात तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या, वंदना म्हटली, पुस्तके वाचली, जे होते त्यात गोड केले. त्याच वर्षी लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, आणि घराघरांतले गणपती मात्र नेहमीच्या पाटावर बसले. आयोजक हटले तेव्हा यजमान दिसू लागले.

६

आता आपल्या, म्हणजे साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या, अंगणातल्या दिवसाकडे वळू. कुसुमाग्रजांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ चा. त्यांना १९८७ सालचे ज्ञानपीठ मिळाले. १९९९ मध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ‘मराठी भाषा गौरव दिन’ म्हणून साजरा व्हावा असा शासननिर्णय २०१३ साली झाला. १ मेच्या राजभाषा दिनाहून हा दिवस वेगळा. गेली काही वर्षे महाविद्यालयांतून, ग्रंथालयांतून, बँकांतूनही तो दिसतो. ग्रंथदिंडी निघते, नऊवारी नेसलेल्या विद्यार्थिनी आणि फेटे बांधलेले विद्यार्थी छायाचित्रासाठी उभे राहतात, एक व्याख्यान होते, आणि अहवाल वेळेत जातो. हे वर्णन उपहासाने करत नाही. अशा व्याख्यानांत वक्ता आणि श्रोता या दोन्ही नात्यांनी मी बसलो आहे. पण वर्षानुवर्षे जाणवते ते हे, की हा दिवस अजून येत नाही. परिपत्रक येते.

याच महिन्यात, सहाच दिवस आधी, बंगाली भाषेचा दिवस असतो. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बांगला भाषेच्या हक्कासाठी ढाक्यात विद्यार्थी गोळीबाराला बळी पडले. तेव्हापासून लोक त्या दिवशी पहाटे अनवाणी शहीद मिनारकडे जातात, फुले वाहतात. महिनाभर ग्रंथमेळा भरतो. १९९९ साली युनेस्कोने तो आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला. पण जगाने घोषित करण्यापूर्वी सत्तेचाळीस वर्षे तो लोकांनी पायी चालून घडवला होता. त्या अनवाणी चालण्याची बरोबरी आपण करू शकत नाही, आणि तशी इच्छाही धरू नये. हौतात्म्य मागून आणता येत नाही. शिवाय आपल्याकडेही संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे मेली आहेत, आणि १ मेला झेंडावंदन संपल्यावर आपण त्यांच्यासाठी काय करतो, हे आपले आपल्याला ठाऊक आहे.

मग मराठी भाषेला सण नाहीच का? मला वाटते, आहे. फक्त तो आपण चुकीच्या महिन्यात शोधतो. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. तो एका संपादकाचा प्रयोग होता, थोडा व्यवसायाचाही. कोणी शासननिर्णय काढला नाही, कोणा धर्मग्रंथात त्याचा आधार नव्हता. तरी शतकाहून अधिक काळ दरवर्षी शेकडो अंक निघतात. फराळाच्या ताटाशेजारी अंक असतो, ग्रंथालयातून त्याची साखळी-योजना चालते, परदेशी असलेल्या मुलाला चिवड्याच्या डब्याबरोबर दोन अंक पाठवले जातात. ‘अंक आले का?’ असे आपण विचारतो. इथेही क्रियापद येण्याचेच आहे. भाषेने मराठी घरात प्रवेश केला तो व्यासपीठावरून नव्हे, स्वयंपाकघराच्या दाराने, चकलीच्या वासाबरोबर. अलीकडे जाहिरातींचे पाठबळ आटते आहे, वाचक म्हातारा होतो आहे, असे संपादक सांगतात. ती काळजी खरी आहे. पण ज्या वर्षी अंक घरात आला नाही त्या वर्षी काहीतरी राहून गेल्यासारखे वाटणारी माणसे आहेत, तोवर प्रत्यवाय शिल्लक आहे, आणि प्रत्यवाय शिल्लक आहे तोवर सण आहे.

यावरून २७ फेब्रुवारीसाठी काही शिकता येईल का? जयंतीच्या इतिहासाने दाखवले, की सभा घरात आणता येते, पण त्यासाठी घराला दुसऱ्याला बोलावण्याचे कारण लागते. मराठीच्या घरात बोलावण्याजोगे पाहुणे पुष्कळ आहेत. आपल्याच गावात राहून मराठी शिकू पाहणारा परप्रांतीय शेजारी आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारा आणि वर्गात तोंड मिटून बसणारा आपलाच विद्यार्थी आहे, ज्याची भाषा आपण ‘अशुद्ध’ म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवली. त्याने फुले आणावीत आणि ती आम्ही वाहू, अशी तडजोड भाषेच्या देवळातही आपण फार दिवस चालवली आहे. त्या मुलाने त्याच्या बोलीत यजमान व्हावे आणि आपण प्राध्यापकांनी एक दिवस त्याचे पाहुणे व्हावे, असे एखाद्या वर्षी घडले, तर पुढच्या फेब्रुवारीत परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही. दिवस आपणहून येईल.